महापालिकेच्या ‘अपडेट’वर नऊ महिने: पाण्याचं कळतं, झाडाचं कळत नाही

आधीचे सेक्रेटरी मुलीकडे बंगळुरूला राहायला गेले आणि सोसायटीची वही, शिक्का आणि पंपाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली. जून २०२५ चा पहिला आठवडा होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी सहा वाजता तिसऱ्या मजल्यावरून फोन: “मॅडम, आज पाणी आहे ना?” मला काय माहीत! आधीचे सेक्रेटरी असं काही आलं की माजी नगरसेवकाच्या ऑफिसातल्या मुलाला फोन लावायचे. आमच्याकडे नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली आणि तेव्हापासून प्रशासकाचा कारभार. तो मुलगाही दरम्यान कुठल्या तरी बँकेत चिकटला होता.

म्हणून मी ठरवलं की महापालिका स्वतः जे काही कळवते ते सगळं घ्यायचं. ॲप उतरवलं, व्हॉट्सॲप चॅनेल धरलं, मिळकतकराला मोबाइल नंबर जोडून एसएमएस सुरू केले, आठवड्यातून एकदा क्षेत्रीय कार्यालयाचा फलक बघायचा नेम धरला. महापालिकेचं नाव लिहीत नाही, मला अजून इथंच राहायचंय. हा त्या नऊ महिन्यांचा हिशेब.

सुरुवात पाण्यापासून, कारण सोसायटीत नव्वद टक्के चौकशी त्याचीच असते. ‘गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने होईल’ हे वाक्य चॅनेलवर साधारण मंगळवारी संध्याकाळी येतं. वेळेवर येतं, याबद्दल पैकीच्या पैकी गुण. पूर्वी हे पेपरात गुरुवारी सकाळी वाचायला मिळायचं, तोवर बादल्या भरायची वेळ गेलेली असायची. अडचण आहे ती एका शब्दाची. भागांची लांबलचक यादी असते, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘व परिसर’. आमची गल्ली त्या ‘परिसरा’त येते की नाही, हे जून संपेपर्यंत मला उमगलं नव्हतं. दोनदा मी सगळ्यांना पाणी भरून ठेवायला लावलं आणि दोन्ही वेळा नळ धो धो चालू. तिसऱ्यांदा काही बोलले नाही, नेमकं तेव्हाच गेलं.

उलगडा केला गल्लीचं पाणी सोडणाऱ्या चावीवाल्या काकांनी. सकाळी पावणेसहाला ते स्कूटरवर येतात, कमरेएवढी टी-आकाराची लोखंडी चावी पायाजवळ आडवी टाकलेली. कोपऱ्यावरचं झाकण उचलून चावी खाली सोडतात आणि तोंडातल्या तोंडात आटे मोजत फिरवतात. मी मोबाइल पुढे करून मेसेज दाखवला. त्यांनी चष्मा न लावताच सांगितलं, “ताई, तुमची गल्ली जुन्या टाकीवर. समोरची बाजू नव्या टाकीवर. मेसेजात टाकीचं नाव बघायचं, परिसर-बिरिसर बघायचं नाही.” टाकीचं नाव मेसेजात वर, बारीक अक्षरात असतं आणि ते इंजिनिअरांसाठी असावं असं समजून मी सोडून देत होते. त्या दिवसापासून वहीत नोंद आहे: फेब्रुवारीअखेर बंदचे २३ मेसेज आले, त्यातले सहा आमचे. आणखी दोनदा मुख्य जलवाहिनी फुटली, तेव्हा मेसेज दुपारनंतर आला. फुटणारी जलवाहिनी आधी कळवत नाही, त्यामुळे ते मी धरत नाही. आता पंपाच्या खोलीबाहेर मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘आपली टाकी: जुनी’. हे महापालिकेलाही जमण्यासारखं आहे. कराच्या बिलावर एक ओळ छापली की झालं.

बहीण मुंबईत मुलुंडला असते. पावसाळ्यात ती रोज सकाळी मला तिथल्या महापालिकेचा तलावांचा तक्ता पाठवते, जरा ऐटीतच. सातही तलाव नावानिशी: अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. सकाळी सहाचा साठा, एकूण १४,४७,३६३ दशलक्ष लिटरपैकी किती टक्के, आणि शेजारी मागच्या दोन वर्षांचा त्याच तारखेचा आकडा. विशेषणं नाहीत, आवाहन नाही. बाई चहा पिता पिता ठरवते की यंदा कपात होणार की नाही. आमच्याकडे धरणाचा साठा जाहीर करतो जलसंपदा विभाग, तो महापालिकेच्या ॲपमध्ये येत नाही. तिथं थेट कपातीचा निर्णयच येतो. का, ते दुसरीकडे शोधायचं.

तक्रारीच्या भागाचा अनुभव निम्मा गोड. रस्त्यावरचा दिवा फोटोसकट टाकला, तिसऱ्या रात्री लागला. पडलेली फांदी दुसऱ्या दिवशी उचलली. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण मात्र वेगळ्या जातीचं निघालं. झाकण फुटलं त्या रात्री कुणी तरी रीतीप्रमाणे भोकात झाडाची फांदी खोवली आणि तिला लाल फडकं बांधलं. मी तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी सकाळी अकराला मेसेज: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ खाली जाऊन पाहिलं तर फांदी जागेवर, फडकं वाऱ्यावर. ॲपमध्ये ‘काम पूर्ण’चा फोटो होता, त्यात नवंकोरं झाकण आणि त्याला खेटून एक निळी स्कूटर. आमच्या गल्लीत निळी स्कूटर कुणाकडेच नाही. कुणाचं तरी झाकण नक्की बसलं होतं, आमचं नव्हे. तक्रार पुन्हा उघडायला बटण आहे, पण ते ‘समाधानी आहात का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हटल्यावरच दिसतं, आणि तेही सात दिवसांच्या आत. आम्ही मराठी माणसं असल्या प्रश्नाला भिडेपोटी ‘हो’ म्हणतो. म्हणू नका. दुसऱ्या खेपेला मी आमच्या फाटकावरची पाटी फोटोत येईल अशी उभी राहिले, आणि झाकण बसलं.

दाखल्यांचं काम ठीक. थकबाकी नसल्याचा दाखला ऑनलाइन मागितला, मुदतीत मिळाला. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं प्रत्येक सेवेला दिवसांची मुदत आणि अपिलासाठी अधिकारी ठरवून दिलेला असतो. त्याचा फलक कार्यालयात लावलेला आहे, पाण्याच्या पिंपामागे.

आणि कराचे एसएमएस! त्यांच्याबद्दल काय बोलावं. सवलतीची मुदत संपायला पंधरा दिवस, आठ दिवस, दोन दिवस, आज शेवटचा दिवस. मुदत गेली की दरमहा दोन टक्के शास्तीची आठवण. एकही मेसेज चुकलेला नाही, रक्कम पैशापर्यंत बरोबर, नाव शुद्ध. म्हणजे जमतं. मिळकत क्रमांकावरून ज्यांना माझं घर कळतं त्यांना माझी टाकी कळू नये, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. सप्टेंबरात सोसायटीच्या ग्रुपवर ओरड सुरू झाली की मागच्या मैदानावरचं आरक्षण उठवून इमारत होणार. ॲपमध्ये शोधलं, काही नाही. चॅनेलवर काही नाही. मूळ सापडलं तळमजल्यावरच्या भाऊंकडे. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले आहेत, पेपर मागच्या पानावरून, जाहीर सूचनांपासून वाचायला घेतात. त्यांनी जपून ठेवलेलं कात्रण दाखवलं: नगररचना कायदा १९६६, कलम ३७ अन्वये विकास आराखड्यात फेरबदल, हरकती व सूचना एक महिन्याच्या आत. त्यातले एकोणीस दिवस गेलेले. भाऊंनी ती वाचायचीही रीत शिकवली. “वरचा अर्धा भाग सोडून दे, तो वकिलांचा. आधी सर्व्हे नंबर शोध. मग ‘वगळून’ किंवा ‘समाविष्ट’ हा शब्द. मग शेवटची तारीख. उरलेलं वाचून रक्तदाब वाढवायचा नाही.”

सर्व्हे नंबर आमच्या मैदानाला लागूनच होता, त्यामुळे नकाशा बघणं भाग होतं. इथं एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: राज्य सरकारच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा स्तरावरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही, दहा रुपयांचा स्टॅम्प लागत नाही, तीस दिवसांची वाट नाही. पहिल्या सोमवारी गेले तर ‘साहेब व्हीसीत आहेत’, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये. दुसऱ्या सोमवारी शासन निर्णयाची प्रिंट घेऊन गेले. टेबलावरच्या बाईंनी ती दोनदा वाचली, मग स्वतः उठून फाइल आणली आणि खुर्चीही दिली. नकाशा उलगडला. फेरबदल आमच्या मैदानाचा नव्हताच, पलीकडच्या गल्लीतल्या एका रस्त्याच्या आखणीचा होता. ग्रुपवर तीन आठवडे चाललेली लढाई, ज्यात दोन शेजाऱ्यांनी एकमेकांना ग्रुपमधून काढलं होतं, एका नकाशात मिटली. हा नकाशा चॅनेलवर टाकायला किती वेळ लागला असता?

नोव्हेंबरात त्याच्या उलट घडलं. कोपऱ्यावरच्या वर्षावृक्षाला प्लॅस्टिकच्या फोल्डरात एक कागद डकवलेला. तोही रस्त्याकडे नव्हे, इस्त्रीवाल्याच्या गाडीच्या बाजूला. चौथ्या दिवशी इस्त्रीवाल्यानंच सांगितलं, “काकू, झाडाला नोटीस आलीय.” १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे तोडायच्या आधी वर्तमानपत्रात सूचना द्यायची आणि झाडावर ठळकपणे लावायची, मग हरकतींना सात दिवस. दोन्ही केलेलं होतं, कायद्यात बोट ठेवायला जागा नव्हती. हाती तीन दिवस, त्यात एक रविवार. त्या आठवड्यात चॅनेलवर चौदा पोस्ट आल्या होत्या, मी नंतर मुद्दाम मोजल्या: सायकल फेरी, स्वच्छतेची शपथ, दोन सत्कार, कुणाचा तरी पदभार, रांगोळी स्पर्धेचा निकाल. झाडाची एकही नाही. १९७५ चा कायदा पेपर आणि बुंधा एवढंच ओळखतो, ॲप त्याच्या गावीच नाही. आणि ॲपवाल्यांना उद्यान विभागाच्या टेबलावरून काय बाहेर पडतं ते माहीत नाही.

हरकत आम्ही हातानं लिहून दिली, सोबत एकतीस सह्या. आवक-जावकच्या खिडकीतून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. शिक्क्याशिवाय तिथून हलू नये, हे बँकेतल्या माझ्या तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलंय. झाड आज उभं आहे. आमच्या हरकतीमुळे, की ज्या कामासाठी ते तोडायचं होतं त्याचं टेंडर लांबल्यामुळे, हे कुणी सांगत नाही. हरकतीचं पुढे काय झालं याचा मेसेज येत नाही. झाकणाचा येतो, कराचा येतो, याचा नाही.

मग १५ डिसेंबरला निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, आणि चॅनेल एकदम सुधारलं. सत्कार बंद, उद्घाटनं बंद, फोटोतले फेटे गायब. राहिलं काय, तर पाणी, मतदान केंद्र आणि मतदार यादी. नऊ महिन्यांतला वाचायला सगळ्यात सुखाचा महिना तो. १५ जानेवारीला मतदान, दुसऱ्या दिवशी निकाल, आणि लगेचच हार-तुरे परत आले.

कुणी विचारलं तर सांगेन, ॲप ठेवा. पाण्यासाठी आणि दिव्यासाठी ते उपयोगी आहे, पाचपैकी साडेतीन द्यायला हरकत नाही. कराच्या एसएमएसला पाच. मात्र तुमच्या घराशेजारी काय होऊ घातलंय ते कळायचा प्रश्न असेल तर एकच गुण, आणि तो सोमवारी खुर्ची देणाऱ्या त्या बाईंना. त्यासाठी पेपरचं मागचं पान, झाडांचे बुंधे आणि तळमजल्यावरचे भाऊ हीच खरी यंत्रणा आहे.

आता प्रभागाला चार नगरसेवक मिळालेत, आणि चौघांचे चार ग्रुप. चौघांनीही मला न विचारता घेतलं. परवा मंगळवारी संध्याकाळी महापालिकेचा तोच मेसेज मला पाच वेळा आला, चार वेळा चार वेगवेगळ्या फोटोंसकट, हात जोडलेले. फोटो मोठे करण्याच्या नादात चौघांनीही वरची टाकीच्या नावाची ओळ कापली होती. ‘व परिसर’ तेवढं शाबूत होतं.