पेडल स्टीलचा पिकअप: अकरा महिने, तीन आवाज

गेल्या जुलैत आतेभाऊ अमेरिकेतून येताना माझ्यासाठी एक जुनी पेडल स्टील घेऊन आला, म्हणजे आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची आणि पेडलांनी तारांचे स्वर बदलणारी गिटार. दहा तारा, ई नाईन्थ ट्यूनिंग, तीन पेडलं, गुडघ्याने ढकलायचे चार लीव्हर. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरात हवाईयन गिटार बाबांच्या वेळेपासून आहे, त्यामुळे बार धरायची सवय हाताला होतीच. पेडलांची भाषाही आपल्या कानाला लवकर कळते. ई हा सा धरला, तर पहिलं पेडल पंचमाचा धैवत करतं, दुसरं गंधाराचा शुद्ध मध्यम, आणि एक लीव्हर षड्जाला निषादावर उतरवतो. बार जागेवर ठेवून पायाने मींड घेता येते, हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मी रात्री दोनपर्यंत उठलो नाही.

पण या लेखाचा विषय पिकअप आहे, म्हणजे तारेच्या कंपनाची वीज करणारा, चुंबक आणि तारेच्या वेढ्यांचा भाग. बहुतेक पेडल स्टीलवर टोनचा नॉब नसतो. तार, बार, पिकअप, आवाज पायाने कमी-जास्त करायचं वेगळं व्हॉल्यूम पेडल आणि अँप, एवढीच साखळी. म्हणून पिकअप काय देतो आणि त्याच्या पुढचं काय खातं, यावर सगळा आवाज ठरतो. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, मोजायची साधनं हाताशी होती, तरी ही गोष्ट नीट समजायला मला आठ महिने लागले.

गिटारबरोबर आलेला पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे वेढ्यांची एकच गुंडाळी असलेला होता, मीटरवर १७.६ किलोओहम. पेडल स्टीलच्या सिंगल कॉइलला हा आकडा नेहमीचा. आवाज थोडा पातळ, पण स्वर संपत आला की त्यात एक उजेड शिल्लक राहायचा. चांगल्या जवारीच्या तंबोऱ्यात तार छेडून झाल्यावर वरचे स्वर हळूहळू उलगडतात, त्या जातीचा. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती म्हणाली, "अरे, बाबांच्या गिटारीसारखा शेवट लागतोय बघ." तिने 'शेवट' हा शब्द वापरला आणि पुढचे अकरा महिने मी तोच शोधत राहिलो.

गणपतीत मात्र या पिकअपने रडवलं. मंडपात सीरिजचे दिवे, त्यावर डिमर, मागे जनरेटर, अर्थिंगचा पत्ता नाही. सिंगल कॉइल म्हणजे तारेच्या कंपनाबरोबर आजूबाजूचं सगळं विजेचं वातावरण पकडणारा अँटेनाच. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघर आणि डिमरची १०० हर्ट्झच्या पटीतली करकर, दोन्ही भावगीताच्या मुखड्यावर चढून बसली. साधी गिटार असती तर खुर्ची वळवून, घरघर कमी होते तो कोन शोधता आला असता. चार पायांवर उभं असलेलं, खाली पेडलांचे रॉड लटकणारं वाद्य वळवणार कुठे? त्या संध्याकाळी मी ठरवलं की हंबकर, म्हणजे घरघर मिटवणारा दोन कॉइलचा पिकअप घ्यायचा.

ऑक्टोबरात निर्णय आपोआप झाला. जुना पिकअप मुका झाला. मीटर काहीच दाखवेना. उघडून पाहिलं तर बाहेर येणाऱ्या वायरीच्या सोल्डरच्या टाक्यापाशी हिरवा ठिपका, आणि केसापेक्षा बारीक तार तिथेच तुटलेली. आतेभाऊ दिवाळीला येणार होता, त्याने येताना एक हंबकर आणला.

हंबकरची युक्ती सुंदर आहे. दोन कॉइल, एकमेकींच्या उलट भरलेल्या, आणि त्यांचे चुंबकही उलटे. बाहेरची घरघर दोघींत विरुद्ध दिशेने येते आणि मिटते. तारेचा स्वर दोनदा उलटतो, म्हणून तो जुळून येतो. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. घरी लावला त्या दिवशी अँप चालू आहे की बंद, हे दिव्याकडे बघून ठरवावं लागलं. आवाज गोल, भरदार, मधल्या सप्तकात घट्ट. दोन-तीन तारा एकत्र वाजवल्या तर गच्च गर्दी नाही. नाताळात मित्राच्या घरी वाजवलं, सगळ्यांना आवडलं, मलाही.

मग जानेवारीत यमन घेऊन बसलो. तीव्र मध्यमावरून पंचमावर हळू येताना, व्हॉल्यूम पेडल किंचित उघडत, स्वर धरून ठेवायचा. स्वर तिथे होता, लांबतही होता, पण शेवटच्या दीड-दोन सेकंदांत त्याच्यावर कुणी पांघरूण टाकल्यासारखं वाटायचं. ज्या शहरात अमीर खाँ साहेबांची विलंबित बढत लोकांनी ऐकली, तिथे स्वराच्या शेपटाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पिकअप निवडताना लोक तार छेडल्याचा पहिला क्षण ऐकतात. पेडल स्टीलवर तो क्षण आपण बहुतेक वेळा व्हॉल्यूम पेडल मिटून लपवूनच टाकतो. आपल्या हातात उरतो तो नंतरचा स्वर. माझं ठाम मत झालं आहे की या वाद्याचा पिकअप छेडल्यानंतरच्या तिसऱ्या सेकंदाला ऐकून निवडावा.

तेव्हा मी हंबकरला दोष दिला. त्यातला अर्धा दोष त्याचा नव्हता, आणि हे सांगणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ही चूक अनेकांचे पैसे घालवते.

व्हॉल्यूम पेडलमध्ये माझा ५०० किलोओहमचा पॉट (रोध कमी-जास्त करणारा भाग) होता, तोच प्रचलित आहे. पेडल पूर्ण उघडं असलं तर ठीक. पण आपण असतो कायम अर्ध्यावर. पॉट विजेच्या हिशेबाने मध्यावर असताना वर २५० आणि खाली २५०, दोन्ही समांतर धरले की पुढच्या केबलला स्वर १२५ किलोओहमच्या आडून दिसतो. केबलची कपॅसिटन्स (वरचे स्वर खाणारा तिचा गुण) मीटरला साधारण १०० पिकोफॅराड धरा. पेडलपासून अँपपर्यंत माझी सहा मीटरची केबल, म्हणजे ६०० पिकोफॅराड. गणित केलं तर २१०० हर्ट्झच्या आसपासपासूनच वरचे स्वर उतरायला लागतात. पांघरूण हेच होतं! पिकअप कुठलाही लावा, पेडल अर्ध्यावर आलं की ते पडणारच.

जेल रोडवरून सुटे भाग आणून मी एका डबीत बफर बांधला, म्हणजे पिकअपवर भार न टाकता त्याचा स्वर पुढे जोमाने ढकलणारं छोटं सर्किट. टीएल०७२ ही आयसी, नऊ व्होल्टची बॅटरी, आत येताना एक मेगाओहम. तो गिटार आणि पेडलच्या मध्ये, गिटारला एक मीटरच्या केबलने जोडलेला. बफर आल्यामुळे पेडलमधला ५००चा पॉट काढून २५ किलोओहमचा बसवता आला. आता अर्ध्यावर जेमतेम सहा किलोओहमची आड, केबलचा परिणाम ऐकू येण्याच्या पलीकडे गेला. फक्त बफर लावून जुना पॉट तसाच ठेवला असता तर पेडलच्या पुढची आड तशीच राहिली असती. दोन्ही बदल एकत्रच करावे लागतात. हंबकर त्या दिवशी वेगळाच वाजला. पिकअप बदलायच्या आधी हे करा, असं मी हात जोडून सांगेन.

तरीही तो उजेड पूर्ण परत आला नाही. म्हणून मेलेला सिंगल कॉइल पुन्हा भरून घ्यायचं ठरवलं. सियागंजजवळ रिले आणि मीटरच्या कॉइल भरणारे एक वयस्कर कारागीर आहेत, हाताने फिरवायचं मशीन, त्यावर आकडे मोजणारा काउंटर. मी जाऊन सांगितलं की मला सतरा-अठरा किलोओहम हवेत. ते शांतपणे म्हणाले, "साहब, हम तो गिनती देखते हैं, ओहम तो तार के हिसाब से अपने आप आ जाता है।" मी रोज वर्गात शिकवतो ते त्यांनी एका वाक्यात माझ्यापुढे ठेवलं. विक्रीच्या पानांवर पिकअपची ओळख म्हणून किलोओहम छापतात. पण ४७ गेजऐवजी ४६ गेजची (ब्रिटिश एसडब्ल्यूजी मापात), म्हणजे थोडी जाड तार घेतली तर तेवढ्याच वेढ्यांना रोध सुमारे तीस टक्के कमी भरतो, आणि आवाज ठरवणारा इंडक्टन्स जवळजवळ तोच राहतो. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाबरोबर वाढतो. म्हणून किलोओहम दोन पिकअपमध्ये तेव्हाच तुलना करायला उपयोगी, जेव्हा तार तीच आहे हे माहीत असतं.

जुनी तार ४७ गेजच्या जवळची होती, वेढे दहा हजारांच्या आसपास. आम्ही ४६ गेजची तार घेऊन आठ हजारच भरले. मीटरवर साडेनऊ किलोओहम आले. वेढे एक पंचमांश कमी, इंडक्टन्स एक तृतीयांशाहून थोडा जास्त कमी. सहाशे रुपये घेतले. पहिल्या दिवशी मोठ्या आवाजात कॉइल शिट्टी मारू लागली, कारण वेढे आत सैल होते. पॅराफिनमध्ये थोडं मधमाश्यांचं मेण मिसळून, दुहेरी भांड्यात ६५ अंशांवर ठेवून, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत बुडवली. स्वयंपाकाचं भांडं यासाठी घेऊ नका, आणि भांडं सरळ आचेवर कधीच ठेवू नका. शिट्टी गेली.

हे मार्चमध्ये, इंदूरच्या रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक निघाली त्या आठवड्यातलं. तेव्हापासून गिटारवर हाच पिकअप आहे. आवाजाची पातळी हंबकरपेक्षा कमी, अँप थोडा जास्त उघडावा लागतो. खालच्या तारा पूर्वी गुरगुरायच्या, आता स्वच्छ बोलतात. आणि स्वराचा शेवट परत आला. पंचमावर थांबून पेडल पूर्ण उघडेपर्यंत वरचा उजेड टिकतो. आईला न सांगता तेच भावगीत वाजवलं. ती दारात येऊन उभी राहिली आणि संपेपर्यंत हलली नाही.

तुलना करताना एक काळजी घेतली. तिन्ही वेळचं तेच वाक्य, पेडल अर्ध्यावर ठेवून, फोनवर रेकॉर्ड केलं होतं, आणि ऐकताना पातळी सारखी करून घेतली. थोडा मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो, आणि जास्त वेढ्यांचे पिकअप बरेचदा तिथेच बाजी मारतात.

पिकअपच्या उंचीलाही तेवढाच वेळ द्या. मी तारेपासून तीन ते साडेतीन मिलिमीटरवर थांबलो. आणखी वर नेला तर पातळी वाढते, पण चुंबक तारेला ओढतो आणि लांब स्वर लवकर मावळतो, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच जातं. अजून एक गोष्ट सुटलेली नाही. सहावी तार, खालचा गंधार, माझ्याकडे २०ची (इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली जाडी) साधी आहे आणि ती शेजारणींपेक्षा मोठी बोलते. पिकअपचे पोल वर-खाली होत नाहीत, म्हणून पुढच्या संचात तिथे २२ची गुंडाळलेली तार लावून बघणार आहे.

कुणी विचारलं की कुठला घ्यावा, तर मी आधी विचारतो, वाजवणार कुठे? घरी, बैठकीत, चांगल्या अर्थिंगच्या सभागृहात, एकेका तारेवर गाण्यासारखं वाजवणार असाल तर कमी वेढ्यांचा सिंगल कॉइल आणि बफर. मंडप, लग्न, जनरेटर असेल तर हंबकर, आणि त्यात अजिबात कमीपणा मानू नका. माझा हंबकर कापडात गुंडाळून केसमध्येच ठेवला आहे. माझ्या गिटारीत पिकअप चार स्क्रू आणि दोन टाक्यांचं काम आहे. त्या दोन टाक्यांच्या जागी छोटा कनेक्टर बसवून घेतला, म्हणजे गणपतीच्या आदल्या रात्री दहा मिनिटांत बदलता येईल.