मायच्या फोनला कोणता रिचार्ज मारावा: 28 दिवसांचा की वर्षाचा?

घरात बटणाचा फोन वापरणारं कुणी असेल तर हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. मी दोन्ही करून पाहिलं.

28 दिवसांच्या पॅकचं एक बरं आहे, दोनशेच्या आसपास भागतं. पेरणीच्या तोंडावर एकदम अठराशे काढायचे म्हटले तर कुठून आणणार? सोबत थोडा डेटाही मिळतो, पण बटणाच्या फोनला तो काय कामाचा! वर्षाला तेरा रिचार्ज, म्हणजे सव्वीसशे गेलेच.

मला मात्र पैशांपेक्षा तारखेनं छळलं. ही मुदत दर महिन्याला मागे सरकते. माय गावात, मी यवतमाळला. लक्षात कोण ठेवणार? आधी जाणारे फोन बंद होतात, काही दिवसांनी येणारेही. ऐन कापूस वेचणीत तसंच झालं. पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी माय वेचणी सोडून सेतू केंद्रात जाऊन बसली आणि ओटीपी काही आला नाही. संध्याकाळी शेजारच्या फोनवरून बोलली, "माहा फोन मुका झाला ना बापा." इनकमिंग 2003 मध्येच फुकट झालं होतं म्हणे!

दर ठरवणं ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, केव्हाच कंपन्यांवर सोडलंय. मोठ्या खासगी कंपन्या आता तीनच, चौथी सरकारी, आणि त्यांची चढाओढ सारी डेटावर. त्यात बटणाच्या फोनवाल्याला कोण विचारतो? शेवटी डिसेंबर 2024 मध्ये ट्रायनं फक्त कॉल-एसएमएसचा पॅक ठेवणं बंधनकारक केलं आणि अशा पॅकची कमाल मुदत 90 वरून 365 दिवसांवर नेली. किंमत कंपनीच्याच हातात, त्यामुळे वाटलं होतं तितकं स्वस्त पडत नाही. एका ठिकाणी तर ‘वर्ष’ 336 दिवसांचं निघालं. बारा गुणिले अठ्ठावीस, खोड काही जात नाही!

तरी मी वर्षाचाच मारला. नातवंडं मायच्याच फोनवर व्हिडिओ बघत असतील तर तुमचा हिशेब वेगळा असेल, मी आग्रह करणार नाही. आमच्याकडे कापसाचे पैसे संक्रांतीच्या सुमारास हाती येतात, त्यातूनच भरले. मायनं कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करून ठेवलाय.

दुकानदाराला मात्र "फक्त बोलायचा, वर्षाचा" असं दोनदा सांगा. आमच्यावाल्यानं सवयीनं डेटावालाच काढला होता.