प्रेग्नन्सीतल्या कंबरदुखीसाठी कायरोप्रॅक्टरकडे गेले, त्याचा अनुभव

28 वा आठवडा लागला आणि रात्री कुशी बदलायची म्हटलं की अंगावर काटा यायला लागला. जांघेत मधोमध, पुढच्या हाडावर अशी कळ यायची की श्वासच अडकायचा. पँट घालताना एका पायावर उभं राहिलं की तेच, जिना चढताना तेच. डॉक्टरांनी तपासून पेल्विक गर्डल पेन, म्हणजे ओटीपोटाभोवतीच्या हाडांच्या सांध्यांचं दुखणं, आहे सांगितलं, पाच जणींत साधारण एकीला होतं, बाळाला धोका नसतो. फिजिओचे व्यायाम चालू होते पण उजव्या बाजूला माकडहाडाच्या वरचा ठणका जाईना, म्हणून डॉक्टरांना विचारूनच या कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने सांधे-मणके दाबून उपचार करणाऱ्या मॅडमकडे गेले.

मनात भीती होती कारण आधी एका दुसऱ्या ठिकाणी कितवा महिना हेही न विचारता माझी मान धरून कडकन वळवली होती, तिथे परत पाय ठेवला नाही. इथे मॅडमनी पहिला अर्धा तास फक्त प्रश्न विचारले. ब्लीडिंग, पाणी जाणं, बीपी, वार खाली आहे का, बाळ नीट हलतंय का, पायात मुंग्या, लघवीवर कंट्रोल. यातलं काही असतं तर हात न लावता हॉस्पिटलला पाठवलं असतं म्हणाल्या, आणि मला तिथेच विश्वास बसला.

टेबलला पोटासाठी खोलगट जागा होती पण मला पालथं नको वाटलं, तर लगेच कुशीवर घेतलं, गुडघ्यांत उशी. उताणं फार वेळ ठेवलं नाही, या महिन्यांत गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येऊ शकते. टेबलचा कमरेखालचा भाग किंचित वर उचलून ठेवतात, हाताने हलकं दाबलं की तो ठक करून खाली बसतो, आवाज टेबलचाच असतो, हाडाचा नाही. दर वेळी "आता दाबते, चालेल ना?" विचारायच्या. हाड सरकलंय वगैरे काही नसतं, लिगामेंट सैल पडलेत आणि सांध्यांवर ताण येतोय, हेही स्पष्ट सांगितलं.

पहिल्यांदा फरक नाही, उलट दुसऱ्या दिवशी अंग दुखलं. तिसऱ्या वेळेनंतर उजवा ठणका बराच कमी झाला, पुढची कळ मात्र डिलिव्हरीपर्यंत थोडी राहिलीच. घरी गुडघे मिटून कुशी बदलणं, बसून पँट घालणं, गाडीत आधी बसून मग दोन्ही पाय एकत्र आत घेणं, पोटाखालून नितंबांभोवती बेल्ट, यानेही खूप फरक पडला, त्यामुळे सगळं श्रेय टेबलला देणार नाही.

एक गोष्ट खटकली, रिसेप्शनवर "बाळ पायाळू असेल तर फिरवून देतो" म्हणाले आणि बारा सेशनचं पॅकेज पुढे केलं. असं बाळ फिरतं याला ठोस पुरावा नाही, कायरोप्रॅक्टर गरोदरपणात वापरतात ती वेबस्टर टेक्निक नावाची पद्धतही मुळात कंबरेच्या सांध्यांसाठी आहे. पायाळू बाळ फिरवायचा प्रयत्न प्रसूतीचे डॉक्टर करतात, 36-37 आठवड्यांच्या सुमारास, हॉस्पिटलमध्ये, ठोके बघत. मी पॅकेज घेतलं नाही, पाचच वेळा गेले.

शेवटच्या वेळी मॅडमनी कळ न येता माझे गुडघे किती उघडतात ते टेपने मोजलं आणि आकडा कागदावर लिहून दिला. तो कागद फाईलला लावला, लेबर रूममध्ये सिस्टरांनी तो बघून मला डाव्या कुशीवरच ठेवलं, पाय त्यापेक्षा जास्त कोणी ताणले नाहीत.