अडीच किलोची बंदूक

मोबाईलवरच्या एका बंदुकीपायी साडेअकरा हजार गेले. त्याहून जास्त लाज वाटली, म्हणून पुतण्या सोडला तर घरात चार महिने कुणाला बोललो नाही.

आमच्या जिंतूरकडच्या रानात ज्वारी हुरड्यात आली की पोपट, चिमण्या थव्यानं उतरतात. घरी सांगायला राखणीचं निमित्त होतं. खरं तर मला तित्तर मारायचे होते. आबांकडे लायसन्सची बारा बोअरची बंदूक होती. ते गेल्यावर ती ठाण्यात जमा झाली आणि वारसाचा अर्ज माझ्या आळसात राहिला.

मग मोबाईलवर जाहिरात दिसली. ‘एकनळी बंदूक, बारा बोअर, फक्त अडीच किलो, पक्ष्यांसाठी खास, धक्का अजिबात नाही, 18 हजार.’

इथंच थांबायला पाहिजे होतं. आबांची बंदूक चांगली जड, तरी दस्ता खांद्यात नीट बसला नाही तर असा दणका द्यायची की दोन दिवस सदरा घालताना आई गं व्हायचं. तेच काडतूस हलक्या बंदुकीतून सोडलं तर दणका वाढतो. जाहिरात लिहिणाऱ्यानं बंदूक उभ्या जन्मात उडवली नव्हती. मी उडवली होती, तरी किंमत बघून भुललो.

फोनवर ‘जय हिंद साहब’. म्हणे फौजी आहे, बदली झाली, म्हणून विकतोय. बुकिंगचे 2,000. मग लायसन्स नावावर करायचे 5,500. मग गेटपासचे 4,000. लायसन्स असं पाच-साडेपाच हजारांत फोनवरून नावावर होत नाही हो. आमच्याकडे ते जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतं, त्यावर युआयएन नंबर, म्हणजे लायसन्सवाल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो, आणि बंदूक लायसन्स दाखवून घ्यावी लागते, तिचा नंबर त्यावर चढतो. बारा बोअर कुरिअरनं घरी येत नसते.

चौथ्यांदा पैसे मागितले तेव्हा नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुसराच आवाज: ‘क्राईम ब्रँच. बिनलायसन्स हत्यार मागवलंत. 25 हजार भरा, नाहीतर गाडी पाठवतो.’ या लोकांचा खरा धंदा हा. गिऱ्हाईकाच्या मनात चोर असतो, तो तक्रारीला जाणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत. तित्तर मारणं 1972च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा, विनापरवाना बंदूक शस्त्र कायद्यात. मी कुठल्या तोंडानं ठाण्यात जाणार?

दोन रात्री झोप नाही. शेवटी पुतण्याला सांगितलं. त्यानं जाहिरातीतला फोटो नेटवर शोधायला टाकला, तर तीच बंदूक, तेच लाकडी टेबल, परदेशातल्या एका दुकानाच्या पानावर. मग त्यानंच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला फोन लावला. तिकडून पहिला प्रश्न आला, पैसे कधी गेले? अकरा दिवस झाले म्हटल्यावर पलीकडचा माणूस जरा गप्प झाला. पहिल्या तासा-दोन तासांत फोन केला तर पैसे वाटेत अडवता येतात म्हणे. माझे 4,000 तेवढे कुठल्याशा खात्यात अडकलेले सापडले, बाकीचे पुढं गेलेले.

ठाण्यातल्या हवालदारानं तक्रार लिहून घेतली आणि विचारलं, ‘तुमच्या आबांची बंदूक इथंच पडलीये ना? मग तिचा अर्ज का नाही केला?’