मरीन टँकसाठी किचनचा आरओ: आठ महिन्यांचा अनुभव, आणि तो एक स्क्रू

आमच्या समुद्री माशांच्या टाकीत (मरीन टँक) किचनच्या आरओचं पाणी जातं. त्या आरओचं वार्षिक सर्व्हिसिंग झालं आणि तीन आठवड्यांत टाकीतल्या वाळूवर तपकिरी थर धरला. आरओनंतर उरलेले क्षार धरणारं, चार-पाच महिने सहज चालणारं डीआय रेझिनही त्याच तीन आठवड्यांत संपलं. मशीन तेच, नळ तोच, टाकी तीच २०० लिटरची. फरक एकच होता, सर्व्हिसवाल्याने 'पाण्याला चव येत नाही' म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलरचा स्क्रू उघडून ठेवला होता. पिण्यासाठी त्याचं बरोबर असेल, पण मरीन टँकसाठी हा स्क्रू म्हणजे अख्ख्या मशीनला पाडलेलं भोक आहे.

आधी मूळ प्रश्न. सांगलीत नळाला येतं ते कृष्णेचं पाणी, तुरटी आणि क्लोरीनची प्रक्रिया होऊन. त्यात थेट मीठ मिसळून चालेल का? क्लोरीनची अडचण लहान आहे. सोडियम थायोसल्फेट ते लगेच मारतं, आणि आरोग्यसेवक करतात ती ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट घरी केली की पिवळेपणा उरलाय का ते दिसतं (तपासलेलं पाणी फेकून द्यायचं, टाकीत नाही). खरी अडचण बाष्पीभवनाची. उन्हाळ्यात २०० लिटरच्या टाकीतून रोज ३ लिटर पाणी सहज उडतं. उडतं ते फक्त पाणी, बाकी सगळं मागे राहतं. नळाच्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रेट असेल आणि भर त्याचीच घातली, तर महिन्याला ९० लिटरमधून ९०० मिलिग्रॅम टाकीत जमतं. म्हणजे माशांची घाण न धरताही दर महिन्याला साडेचार पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) वाढ. सिलिकाचंही तसंच. आपली जमीन काळ्या दगडाची, पाणी सिलिका घेऊनच येतं आणि तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) त्यावरच पोसतात. नुसते मासे असतील तर नळाच्या पाण्यावर टाकी रडतखडत चालते. कोळंबी, गोगलगाय, कोरल असतील तर नळाचं पाणी नकोच. पितळी तोट्या आणि गीझरमधून येणारं थोडंसं तांबंही त्यांना मारतं. एसीच्या पाइपातून पडणारं पाणी 'शुद्ध' म्हणून भरणारे आहेत, ते तांब्याच्या कॉइलवरून येतं. अजिबात वापरू नका.

आता तो स्क्रू. मेम्ब्रेनच्या (क्षार अडवणारी आरओची मुख्य गाळणी) आधीच्या लाइनवर एक टी (तीन तोंडांचा जोड) असतो, त्यातून पाव इंची पाइप निघून मेम्ब्रेनच्या नंतरच्या लाइनला मिळतो. मध्ये अंगठ्याएवढा पांढरा व्हॉल्व्ह आणि त्याच्या डोक्यावर फिरवायचा स्क्रू. तो उघडा असला की कच्चं पाणी मेम्ब्रेन चुकवून थेट चांगल्या पाण्यात येतं. टीडीएस मीटरवर नळाचं पाणी २८०, मेम्ब्रेनचं पाणी १२, आणि स्क्रू उघडा असताना बाहेर पडणारं पाणी ६०. हिशेब केला तर जवळजवळ पाचवा हिस्सा कच्चं पाणी. रेझिनवर पाचपट ओझं, म्हणून ते पाचपट लवकर संपतं.

स्क्रू घट्ट आवळून भागत नाही, स्वस्तातले व्हॉल्व्ह आवळूनही झिरपतात. तो काढूनच टाका. मशीन बंद, नळ बंद. टीची कॉलर आत दाबून धरा, पाइप ओढा, तिथे पाव इंची प्लग बसवा. दुसऱ्या टोकालाही प्लग. मिनरल कार्ट्रिज आणि पोस्ट कार्बनही काढा, आणि पाणी मशीनच्या टाकीतून न घेता थेट मेम्ब्रेनच्या लाइनवरून घ्या. यूव्हीचा इथे काही उपयोग नाही.

एक मत बदललं. सुरुवातीला वाटलं होतं, नळाचा टीडीएस ३०० च्या आत असताना डीआय हा फुकटचा खर्च आहे. तसं नाही. मेम्ब्रेन बहुतेक सिलिका अडवतं, उरलेला रेझिनलाच धरावा लागतो. आणि रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सोडतं ते सिलिकाच. टीडीएस मीटर विजेच्या वहनावर चालतो, सिलिका वीज जवळजवळ वाहून नेत नाही, म्हणून मीटर ० दाखवत असताना डायटम वाढत राहतात. त्यासाठी दोन कार्ट्रिज एकापुढे एक लावायची आणि मीटर दोघांच्या मध्ये ठेवायचा. मध्ये १ किंवा २ दिसलं की पहिलं रेझिन फेकायचं, दुसरं पहिल्याच्या जागी सरकवायचं, नवं शेवटी लावायचं. रेझिनच्या रंगावर विसंबू नका.

मशीन उभं असताना मेम्ब्रेनमधून क्षार हळूहळू पलीकडे झिरपतात, त्यामुळे सुरू करताच पहिले दोन लिटर जास्त टीडीएसचे येतात. ते रेझिनकडे न जाऊ देता बाजूला काढायचे. रोज अर्धी बादली भरण्यापेक्षा आठवड्यातून एकदाच सलग ४०-४१ लिटर भरलं तर रेझिन वाचतं. २१ लिटर भर घालायला आणि २० लिटर पाणी बदलायला एवढ्यात भागतं. त्या २० लिटरला साधारण ७५० ग्रॅम मरीन सॉल्ट, पंप लावून एक दिवस फिरवायचं, मग रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं साधन) ३५.

पावसाळ्यात कृष्णा गढूळ झाली की बाउलमधला स्पन (गाळ अडवणारा पहिला फिल्टर) पंधरा दिवसांत चॉकलेटी होतो. तो वेळेवर बदला. शंभर-दीडशेचा स्पन वाचवायला गेलात तर हजाराच्या पुढचं मेम्ब्रेन चोक होतं. त्या दिवसांत क्लोरीनही जास्त असतं आणि क्लोरीन मेम्ब्रेनला खातं, म्हणून क्लोरीन धरणारा कार्बन फिल्टरही सहा महिन्यांच्या पुढे ओढू नका.

४० लिटरमागे १२० लिटर वाया जातं, हे मात्र खटकतं. पण मोजून पाहिलं तर त्या पाण्याचा टीडीएस ३७० च्या आसपास, म्हणजे नळापेक्षा थोडाच जास्त. ड्रममध्ये साठवलं की फरशी, गाडी, संडास आणि कुंड्या सगळ्याला चालतं. बोअरच्या पाण्यावर मशीन असेल तर हे पाणी कुंड्यांना घालू नका.

स्क्रू काढून नवं रेझिन भरल्यावर पाचव्या आठवड्यात वाळू पांढरी झाली. मशीनच्या झाकणाच्या आतून आता मार्करने लिहून ठेवलंय: 'टीडीएस कंट्रोलर लावू नये'. सर्व्हिसवाला झाकण उघडतो तेव्हा पहिलं तेच दिसतं.