साताऱ्यात राहून पुण्याची नोकरी: रोजची ये-जा, घरून काम की दोन दिवस मुक्काम?

कंपनी पुण्यात, घर साताऱ्यात आणि वरून सवलत मिळाली की कुठूनही काम करा. अशा वेळी बसभाड्याआधी झोपेचा आणि पाठीचा हिशेब मांडावा, कारण आधी तेच बिघडतात.

रोजची ये-जा आम्ही कुणालाच सुचवणार नाही. सातारा-स्वारगेट साधारण ११० किलोमीटर, म्हणजे अडीच तास. ऑफिस हिंजवडीला असेल तर पुढे आणखी तासभर. दिवसाचे सात तास रस्त्यात आणि नऊ कामात गेले की उरलेल्या आठांत जेवण, मुलं आणि झोप. रेल्वे स्वस्त पडते, पण स्टेशन माहुलीला आणि गाड्यांच्या वेळा ऑफिसला जुळणं अवघड.

बसमध्ये लॅपटॉप उघडून वेळ भरून काढायचा मोह होतो. तो टाळा. डोळे स्क्रीनवर स्थिर असतात, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मात्र वळणं सांगत राहते; खंबाटकीत मळमळतं ते यामुळे. शिवाय लॅपटॉप मांडीवर असल्याने मान पूर्ण वाकलेली. युरोफाउंड (कामाच्या परिस्थितीचा अभ्यास करणारी युरोपीय संघाची संस्था) आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१७ च्या अहवालात सतत फिरतीवर काम करणाऱ्यांपैकी ४१ टक्के लोकांनी ताण असल्याचं सांगितलं, कायम ऑफिसात बसणाऱ्यांत हेच प्रमाण २५ टक्के होतं.

मग घरूनच काम करावं? त्याच अहवालात नियमित घरून काम करणाऱ्यांपैकी ४२ टक्के लोकांना रात्री वारंवार जाग येत होती, ऑफिसवाल्यांत २९ टक्के. प्रवास वाचतो, पण काम संपत नाही. जेवण झाल्यावर ‘एकच मेल’ म्हणून उघडलेला लॅपटॉप अकरापर्यंत चालतो. दिवसा तुम्ही ‘घरीच आहात’ म्हणून सिलिंडर, बँक, पाहुणे सगळं तुमच्याकडे येतं, आणि तो वेळ रात्री भरावा लागतो.

बसायची सोय आधी करा. जेवणाचं टेबल साधारण अडीच फूट उंच असतं. त्यावर टाईप करताना खांदे वर उचलले जातात आणि संध्याकाळी मान धरते. खुर्चीवर उशी टाकून कोपर टेबलाच्या पातळीला आणा, मग पाय लोंबकळतात, त्यांच्याखाली पाट ठेवा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, म्हणून लॅपटॉप उंचावर आणि कीबोर्ड-माऊस वेगळे. वीज गेली की मीटिंग तुटते आणि जीव वरखाली होतो. राऊटरला छोटा यूपीएस लावा, पण घेताना राऊटरच्या ॲडॉप्टरवरचा व्होल्टेज आणि अँपिअरचा आकडा जुळवून बघा. हॉटस्पॉटसाठी दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा.

आमचं मत तिसऱ्या पर्यायाकडे झुकतं: मंगळवार-बुधवार सलग पुण्यात, मधली रात्र मुक्काम, बाकी तीन दिवस घरून. दोन दिवसांसाठी एकच फेरी होते आणि शुक्रवार संध्याकाळची घाटातली कोंडी टळते. ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत १,६०० हून जास्त कर्मचाऱ्यांवर झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर राजीनामे एक तृतीयांशाने घटले, बढतीवर परिणाम दिसला नाही. तिथे ऑफिसचे दिवस तीन होते, हे लक्षात ठेवा. नोकरीची पहिलीच वर्षं असतील तर तुम्हीही तीन दिवस जा. शेजारी बसून जे कळतं ते कॉलवर कळत नाही. टीमची बैठक त्याच दिवसांत ठेवून घ्या, नाहीतर एवढं जाऊन ऑफिसात हेडफोन लावून कॉलच घ्यायचे.

मुक्कामाला खोली दोघा-तिघांत घेतली तर परवडते. महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, तोही हिशेबात धरा.

होकार देण्याआधी मॅनेजरकडून तीन गोष्टी मेलवर घ्या: ऑफिसचे वार, रात्री किती वाजल्यानंतर फोन नाही, आणि परदेशी क्लायंटचा उशिराचा कॉल झाला तर दुसऱ्या दिवशी किती वाजता सुरुवात. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे वाद झालाच तर दाखवायला तुमच्याकडे तो मेलच असेल.