घराचा विमा: वादळ, क्लेम आणि पोळ्यापर्यंतची वाट

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात. पुढच्या खोल्या स्लॅबच्या, मागचं स्वयंपाकघर टिनाचं, समोर छपरी. गृहकर्ज काढून बांधलं. कर्जाच्या वेळी बँकेत विम्याचे दोन कागद पुढे येतात आणि दोन्हींना लोक ‘लोनचा इन्शुरन्स’च म्हणतात. एक असतो कर्जदाराच्या जिवाचा, दुसरा घराचा. पहिल्यातून उडालेल्या टिनांचा छदामही मिळत नाही. नवीन घर बांधणाऱ्यांनी एवढं तरी आधी बघून घ्या.

आमची घराच्या विम्याची पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’. १ एप्रिल २०२१ पासून जनरल इन्शुरन्स कंपन्या ही विकतात आणि मूळ अटी सगळीकडे सारख्याच असतात. विमा बांधकामाचा असतो, जागेच्या किमतीचा नाही. आमचं क्षेत्रफळ ७०० चौरस फूट, बांधकामाचा दर चौरस फुटाला १,६०० रुपये धरला, म्हणजे ११ लाख २० हजार. छपरी, कंपाउंड, टाकी यांची किंमत वेगळी लिहून घेतली. घरसामानाला घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंतचं संरक्षण आपोआप लागू होतं. मात्र घरसामान म्हणजे घरात वापरायच्या वस्तू. भाव येईपर्यंत खोलीत भरून ठेवलेला कापूस त्यात धरत नाहीत, आणि आपल्याकडे तर अर्ध्या गावाचा कापूस घरातच असतो.

मेच्या शेवटी संध्याकाळी वादळ आलं. स्वयंपाकघराची टिनं उडाली, छपरीचे अँगल वाकले, भिंतीचे वरचे थर ढासळले. सासरे म्हणाले, “सूनबाई, टिनं उचलू दे, ढोरायचे पाय कापतीन.” ते खरंच होतं, पण आधी चारही बाजूंनी फोटो काढले, मगच टिनं उचलली. टिनं धरून ठेवणारे हुक सरळ झाले होते आणि टिनांची भोकं एकाच बाजूला फाटली होती. ते हुक मी डब्यात जपून ठेवले. नुकसान बघायला कंपनीने पाठवलेल्या सर्व्हेअरने सर्वांत जास्त वेळ तेच पाहिले, कारण गंजून पडलेलं टिन आणि वाऱ्याने ओढून नेलेलं टिन यातला फरक तिथेच कळतो. झिजेला, गंजाला पैसे नाहीत, वादळाला आहेत.

तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, कंपनीचा सर्व्हे वेगळा. तरी पंचनाम्याची प्रत घ्याच. तारीख आणि कारण त्यात लिहिलेलं असतं, क्लेमला त्याचा आधार होतो.

खरा वाद पुढे झाला. आज बांधकामाचा दर २,००० आहे, तुम्ही विमा कमी रकमेचा घेतला, असं म्हणून कंपनीने नुकसानीतून २० टक्के कापले. ही कपात आम्हाला अजिबात मान्य नव्हती. क्षेत्रफळ आणि बाकी माहिती खरी दिलेली असेल, तर या पॉलिसीत विमा कमी पडला म्हणून कपात करता येत नाही. हे पॉलिसीच्या कागदावरच छापलेलं आहे. त्या कलमावर खूण करून तक्रार विभागाला लेखी पत्र दिलं, पोच घेतली. कपात मागे घेतली गेली. फोनवरून हे झालं नसतं. कंपनीने ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं, तिथे फी नाही.

फ्रिजचे पैसे मिळाले नाहीत. वीज कडाडली तेव्हा तो जळाला होता, पण शॉर्ट सर्किटने जळालेलं उपकरण पॉलिसीत बसत नाही, मग कारण वीज पडणं असलं तरी. त्यातून आग लागून बाकी घर जळालं असतं तर तेवढ्या नुकसानीचे पैसे मिळाले असते. एजंटने विकताना यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

पैसे आले ते पोळ्याच्या सुमारास. भर पावसाळ्यात स्वयंपाक ताडपत्रीखाली करावा लागला, याचा राग अजून आहे. त्यात पॉलिसीवर बँकेचं नाव असल्यामुळे रक्कम आधी बँकेकडे गेली; दुरुस्तीची बिलं दाखवली तेव्हा आमच्या खात्यात आली.

तरीही पॉलिसी पुन्हा घेतली, कारण टिनं, अँगल आणि भिंत यांचा जवळजवळ सगळा खर्च निघाला. या वेळी कंपनी बदलली आणि मुदत तीन वर्षांची घेतली (दहा वर्षांपर्यंत मिळते). घराची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढत जाईल. नवी छपरी आधीपेक्षा मोठी आहे, तिची किंमत वेगळी लिहून घेतली.